घोडा नाही, टाच नाही. मग ‘इलियड’मध्ये आहे तरी काय?

ट्रॉयचं युद्ध म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाकडी घोडा आणि त्याच्या पोटात लपलेले सैनिक. टाचेत बाण लागून कोसळणारा अकिलीस. फार तर २००४च्या ‘ट्रॉय’ सिनेमातला ब्रॅड पिट. आता होमरचं ‘इलियड’ हातात घ्या आणि यातलं काय काय सापडतं ते बघा. घोडा नाही. टाच नाही. अकिलीस शेवटपर्यंत जिवंत आहे आणि ट्रॉय शहरही अजून उभं आहे. घोड्याचा उल्लेख ‘ओडिसी’त येतो, पुढे रोमन कवी व्हर्जिल त्याची सविस्तर गोष्ट सांगतो. टाचेची कथा तर होमरनंतर कित्येक शतकांनी, रोमन काळातल्या लेखनातून आपल्यापर्यंत आली.

मग पंधरा हजारांहून जास्त ओळींच्या आणि २४ सर्गांच्या या महाकाव्यात आहे तरी काय? दहा वर्षं चाललेल्या युद्धातले, दहाव्या वर्षातले सुमारे पन्नास दिवस. त्यातही प्रत्यक्ष लढाईचे दिवस मोजून चार-पाच. इंग्रजी साहित्य घेतलेल्या अनेकांना हे काव्य अभ्यासाला असतं आणि त्यातले बरेच जण नोट्सवर भागवतात. ‘नावं फार आहेत’, ‘नुसती मारामारी आहे’ या दोन तक्रारी ठरलेल्या. दोन्ही अगदीच खोट्या नाहीत. पण हे काव्य युद्धाची गोष्ट म्हणून न वाचता एका माणसाच्या रागाची गोष्ट म्हणून वाचलं, तर ते फार वेगळं दिसायला लागतं. होमरनेही तसंच सांगितलंय. मूळ ग्रीक काव्याचा पहिलाच शब्द आहे ‘मेनिन’. म्हणजे क्रोध.

भांडण नेमकं कशावरून?

ग्रीक सैन्याचा प्रमुख आगामेम्नॉन. लुटीत त्याच्या वाट्याला क्रायसिस नावाची मुलगी आलेली असते. तिचा बाप अपोलो देवाचा पुजारी. तो मोठी खंडणी घेऊन मुलीला सोडवायला येतो आणि आगामेम्नॉन त्याला हाकलून देतो. अपोलो चिडतो, छावणीत साथ पसरते, माणसं पटापट मरायला लागतात. नऊ दिवस हे चालतं. दहाव्या दिवशी अकिलीस सभा बोलावतो. कारण कळल्यावर मुलीला परत पाठवण्यावाचून आगामेम्नॉनपुढे मार्ग उरत नाही. पण सगळ्यांसमोर माघार घ्यावी लागल्याचा राग तो अकिलीसवर काढतो. माझी गेली ना, मग तुझी मी घेतो, असं म्हणून अकिलीसच्या वाट्याची ब्रायसिस तो हिसकावून घेतो.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लुटीतला वाटा म्हणजे त्या योद्ध्यांसाठी नुसती मालमत्ता नव्हती. सगळ्या सैन्याने मिळून दिलेला तो मान होता. ग्रीकमध्ये या मानाला ‘टिमे’ म्हणतात. म्हणजे अकिलीसकडून जे हिसकावलं गेलं, ते सगळ्यांच्या देखत मिळालेलं सर्टिफिकेट होतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत फाडलं गेलं. सगळ्यात जास्त काम करणारा मी आणि श्रेय घेणारा हा, असं त्याचं म्हणणं. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही हे भांडण परकं वाटणार नाही.

अकिलीस तलवारीला हात घालतो तेव्हा अथेना देवी मागून त्याचे केस धरून त्याला थांबवते. तो मारत नाही, पण लढायचं सोडून देतो. आणि इथे आपण ज्याला हिरो समजतोय तो एक भयंकर गोष्ट करतो. त्याची आई थेटिस ही समुद्रदेवता. तो तिला सांगतो, झ्यूसकडे जा आणि माग की आपलीच बाजू हरू दे. माझ्यावाचून काय होतं ते यांना कळू दे.

त्याचा राग योग्य आहे आणि त्याची मागणी भयानक आहे. होमर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आपल्यापुढे ठेवतो आणि पुढचं काव्यभर त्यातली एकही मागे घेत नाही.

सॉरी न म्हणता पाठवलेली गिफ्ट्स

ग्रीक हरायला लागतात तसा आगामेम्नॉन नरमतो. नवव्या सर्गात तो तिघांना अकिलीसकडे पाठवतो. देऊ केलेल्या वस्तूंची यादी लांबलचक आहे: सोनं, तिवया, हंडे, शर्यती जिंकणारे बारा घोडे, सात स्त्रिया, ब्रायसिस परत, वर आपल्या एका मुलीशी लग्न आणि सात शहरं. पण तो स्वतः येत नाही. शिवाय निरोपाच्या शेवटी एक वाक्य जोडतो: त्याने माझ्यापुढे झुकावं, मी त्याच्यापेक्षा मोठा राजा आहे.

निरोप घेऊन जाणारा ओडिसियस हुशार. तो सगळी यादी जशीच्या तशी म्हणून दाखवतो आणि हे शेवटचं वाक्य तेवढं गाळतो. दोन्ही ठिकाणची भाषणं शेजारी ठेवून वाचली की ही गंमत सापडते. पण अकिलीसलाही ओडिसियस काय चीज आहे ते माहीत आहे. मनात एक आणि ओठांवर एक असणारा माणूस मला मरणाइतका नकोसा वाटतो, असं तो सुरुवातीलाच ऐकवतो.

त्यापुढचं त्याचं बोलणं या काव्यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं आहे. तो म्हणतो, शूर असो की भित्रा, मान सारखाच मिळतो आणि मरणही सारखंच येतं. गुरं, घोडे, तिवया पुन्हा मिळवता येतात. एकदा गेलेला जीव परत आणता येत नाही. आईने त्याला सांगितलंय की त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. इथे लढत राहिला तर लवकर मरेल पण नाव उरेल, घरी गेला तर दीर्घायुष्य मिळेल पण नाव विसरलं जाईल. आतापर्यंत ज्याच्यासाठी लढलो ते खरंच एवढं मोलाचं आहे का, हा प्रश्न सगळ्यात मोठा योद्धा भर युद्धात विचारतोय. मार्क, पॅकेज, रँक यांच्या शर्यतीत असताना हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडला असेल.

या टिकणाऱ्या नावासाठी ग्रीकमध्ये शब्द आहे ‘क्लेओस’. मुळात त्याचा अर्थ ‘जे ऐकू येतं ते’. संस्कृतमधला ‘श्रवस्’ याच मुळातला, आपलं ‘श्रवण’ही त्याच घरातलं. कधीही न सरणाऱ्या कीर्तीसाठी अकिलीस जी शब्दजोडी वापरतो, तिचं सख्खं भावंड शोभेल अशी जोडी ऋग्वेदातही आहे. हे साम्य जर्मन अभ्यासक अडाल्बर्ट कून यांनी १८५३ मध्ये दाखवून दिलं. कीर्ती म्हणजे आपल्यामागे लोकांच्या कानांवर पडत राहणारं नाव, ही कल्पना दोन्हीकडे एकाच जुन्या मुळातून आली असावी.

हेक्टर आणि ‘लोक काय म्हणतील’

या गोष्टीत व्हिलन शोधायला गेलात तर फसाल. शत्रूपक्षाचा सेनापती हेक्टर हा काव्यातला बहुधा सगळ्यात आवडावा असा माणूस आहे. सहाव्या सर्गात तो लढाईतून थोडा वेळ शहरात येतो. बायको अँड्रोमाकी त्याला वेशीजवळ गाठते. अकिलीसने तिचे वडील आणि सातही भाऊ मारलेत. आई, बाप, भाऊ आणि नवरा सगळं तूच आहेस, असं ती सांगते. तटाच्या आत थांबून लढ, एवढंच तिचं मागणं. हेक्टर म्हणतो, मागे राहिलो तर ट्रॉयच्या लोकांना तोंड कसं दाखवू? मग तो बाळाला घ्यायला हात पुढे करतो, तर शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून बाळ घाबरून रडायला लागतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून खाली ठेवतो आणि बाळाला वर झुलवतो. हे बाळ वाचणार नाही, हे ग्रीक श्रोत्यांना आधीच माहीत होतं.

बाविसाव्या सर्गात अकिलीस चाल करून येतो तेव्हा हेक्टरला आत जायची संधी असते. तटावरून आईबाप विनवतात. पण आदल्या रात्री त्याने सैन्य मागे घ्यायचा शहाणा सल्ला धुडकावलेला असतो आणि त्यात पुष्कळ माणसं गेलेली असतात. आता आत गेलो तर लोक म्हणतील, याच्या घमेंडीने सगळ्यांचा घात केला. फक्त तेवढ्यासाठी तो बाहेर थांबतो. अकिलीस जवळ आल्यावर मात्र त्याचा धीर सुटतो आणि तो पळायला लागतो. तटाभोवती तीन फेऱ्या. शूर माणूस घाबरून पळतो, हे लिहायला कवीला अजिबात लाज वाटत नाही.

मारामारीच्या मधोमध घर

‘नुसती मारामारी’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे. त्या जीवघेण्या पाठलागात होमर मध्येच थांबून दगडी धोबीघाट दाखवतो. युद्ध नव्हतं तेव्हा ट्रॉयच्या बायका-मुली तिथे कपडे धुवायच्या. हेक्टर त्या घाटाजवळून जीव घेऊन पळतोय. आणि तो मारला जातो तेव्हा घरात अँड्रोमाकी मागावर बसलेली आहे. तो दमून येईल म्हणून तिने अंघोळीचं पाणी तापवायला सांगितलंय.

असं जागोजागी आहे. युद्धात रडत आलेल्या पॅट्रोक्लसला अकिलीस म्हणतो, आईचा पदर धरून ‘उचलून घे’ म्हणणाऱ्या लहान मुलीसारखा काय रडतोस! अपोलो ग्रीकांची तटबंदी पाडतो, तर ती समुद्रकाठी पोराने वाळूचा किल्ला लाथेने मोडावा तशी. दोन सैन्यं समसमान लढतात, तर ती लोकर तोलून मुलांसाठी चार पैसे मिळवणाऱ्या बाईच्या तराजूसारखी. ही दृश्यं आली की थांबा. या काव्यातल्या माणसांनी काय गमावलंय, ते तिथे दिसतं.

नावांचंही तसंच. या काव्यात दोनशेहून अधिक माणसं नावानिशी मरतात. बऱ्याच जणांची ओळख दोन-तीन ओळींत होते आणि लगेच संपते. सिमोइसियस नावाचा तरुण बघा. आई डोंगरावरून आईवडिलांबरोबर कळप बघून परतत असताना नदीकाठी त्याचा जन्म झाला, म्हणून नदीचं नाव त्याला दिलं. आईबापाचे पांग फेडायचे राहून गेले. एका भाल्यात गोष्ट संपली. युद्धाच्या बातम्यांमध्ये आपण आकडे वाचतो. होमर आकडा सांगत नाही, नाव आणि आई सांगतो.

ज्या ब्रायसिसवरून सगळं भांडण पेटलं, तिला मात्र पहिले अठरा सर्ग एक शब्दही बोलायला मिळत नाही. एकोणिसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या प्रेताजवळ ती एकदाच बोलते. अकिलीसने तिचा नवरा मारला, त्याच दिवशी तिचे तीन भाऊही मेले. तिच्याभोवतीच्या स्त्रियाही रडतात. वरकरणी पॅट्रोक्लससाठी, प्रत्यक्षात आपापल्या दुःखासाठी. तिच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसेल, या प्रश्नातून पॅट बार्कर यांनी २०१८ मध्ये ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ ही कादंबरी लिहिली. मॅडलिन मिलर यांची ‘द साँग ऑफ अकिलीस’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. ती पॅट्रोक्लसच्या बाजूने आहे. या कादंबऱ्या आवडल्या असतील तर मूळ काव्य वाचायला घ्याच. त्यांची बीजं तिथेच सापडतात.

तेच तेच विशेषण का?

‘जलदपावली अकिलीस’, ‘लखलखत्या शिरस्त्राणाचा हेक्टर’. वाचताना हे पुन्हा पुन्हा येतं आणि वैताग येतो. अकिलीस तंबूत बसलेला असतानाही ‘जलदपावली’च! याचं कारण शोधलं मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने. त्याचं म्हणणं असं की ही विशेषणं ओळीच्या ठरावीक मापात बसणारे तयार साचे आहेत. कागद हाताशी नसताना, समोर श्रोते असताना हजारो ओळी रचत जायच्या तर असे साचे लागणारच. ही पद्धत प्रत्यक्ष पाहण्यासाठी तो १९३०च्या दशकात अल्बर्ट लॉर्ड या साहाय्यकासह तेव्हाच्या युगोस्लाव्हियात गेला. तिथे तंतुवाद्यावर वीरगाथा गाणारे लोकगायक होते. अव्दो मेजेदोविच या लिहिता-वाचता न येणाऱ्या गायकाने १९३५ मध्ये बारा हजारांहून अधिक ओळींचं एक काव्य सांगून उतरवून दिलं. एवढी मोठी रचना लेखणीशिवाय होऊ शकते, याचा हा जिवंत पुरावा होता. त्याच वर्षी वयाच्या ३३व्या वर्षी पॅरीचा मृत्यू झाला. लॉर्डने हे काम पुढे नेऊन १९६० मध्ये ‘द सिंगर ऑफ टेल्स’ लिहिलं.

म्हणून होमर नावाचा एकच माणूस होता की पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, यावरचा वाद अजून संपलेला नाही. हे काव्य इसवीसनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या सुमारास आजच्या रूपात आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रात्रभर पोवाडा किंवा कीर्तन ऐकणाऱ्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही: ही गोष्ट कानांसाठी केलेली आहे. एखादं पान मोठ्याने वाचून बघा, ती विशेषणं गाण्याच्या धृपदासारखी वाटायला लागतात.

राग संपतो कसा?

अकिलीस लढायला तयार नसतो, म्हणून पॅट्रोक्लस त्याचं चिलखत घालून उतरतो आणि हेक्टरच्या हातून मरतो. अकिलीसचा राग आता आगामेम्नॉनवरून हेक्टरकडे वळतो. हेक्टरला मारलं की आपलंही मरण जवळ, हे आईने सांगूनही तो थांबत नाही. हेक्टरला मारतो, प्रेत रथाला बांधून फरफटवतो. सूड पूर्ण झाला. तरीही चोविसाव्या सर्गाच्या सुरुवातीला तो रात्रभर कुशी बदलत तळमळतोय, समुद्रकाठी भटकतोय, रोज प्रेत फरफटवतोय. काही केल्या शांत होत नाही.

जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करताना नेमकं हेच पाहिलं. वरिष्ठांनी केलेला विश्वासघात, जिवलग साथीदाराचा मृत्यू, त्यानंतरचं बेभान होणं. सैनिकांच्या कहाण्या आणि ‘इलियड’ शेजारी ठेवून त्यांनी १९९४ मध्ये ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिलं.

मग रात्री हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, खंडणीची गाडी घेऊन शत्रूच्या छावणीत येतो. अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. एवढंच म्हणतो, तुझ्या वडिलांना आठव. तेही माझ्याच वयाचे आहेत. अकिलीसला माहीत आहे की आपले वडील आपल्याला पुन्हा बघणार नाहीत. दोघंही रडतात. एक हेक्टरसाठी, दुसरा कधी वडिलांसाठी तर कधी पॅट्रोक्लससाठी.

पण हा सिनेमातला मेलोड्रामा नाही. प्रायम घाई करतो तेव्हा अकिलीस पुन्हा भडकतो. हेक्टरचं प्रेत धुवायला सांगताना तो ते प्रायमच्या नजरेआड न्यायला लावतो. का? प्रेत बघून म्हाताऱ्याचा तोल गेला तर माझाही जाईल आणि मी त्याला मारून टाकीन, ही भीती. राग गेलेला नाही. पण तो कधी उसळतो ते आता त्याला कळलंय आणि त्याने आधीच काळजी घेतलीय. माझ्या मते अकिलीसमधला सगळ्यात मोठा बदल हा आहे. मग दोघं जेवतात. अंत्यविधीला किती दिवस हवेत, अकिलीस विचारतो. अकरा, प्रायम सांगतो. गरज पडलीच तर बाराव्या दिवशी लढू. तेवढे दिवस युद्ध थांबवायचा शब्द अकिलीस देतो. ग्रीकांचं हे महाकाव्य शत्रूच्या अंत्यसंस्काराने संपतं.

सुरुवात कशी कराल?

- सगळं एकदम वाचायचा पण करू नका. आधी १, ६, ९, १६, १८, २२ आणि २४ हे सर्ग वाचा. गोष्ट पूर्ण कळते. बाकीचे मग आपोआप वाचावेसे वाटतात.
- दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी पहिल्या वाचनात गाळली तरी चालेल. नंतर मात्र परत या. ट्रॉयच्या किनाऱ्यावर पहिली उडी मारून पहिल्यांदा मेलेला प्रोटेसिलाउस आणि त्याचं अर्धवट बांधलेलं घर त्याच यादीत आहे.
- एकाच माणसाची अनेक नावं बघून गोंधळू नका. अर्जुन, पार्थ, धनंजय हे आपल्याला कुठे जड जातं? ग्रीकांना इथे अकियन, आर्गाइव्ह, दानाअन म्हणतात. पॅरिस म्हणजेच अलेक्झांड्रोस, ट्रॉय म्हणजेच इलियन. त्यावरूनच ‘इलियड’.
- इंग्रजी अनुवाद निवडताना पाच मिनिटं द्या. सॅम्युअल बटलर यांचा १८९८चा गद्य अनुवाद इंटरनेटवर मोफत आहे, पण त्यात देवांची नावं रोमन आहेत. झ्यूस तिथे ‘जोव्ह’ होतो. मूळ ओळींच्या जवळ जायचं तर रिचमंड लॅटिमोर (१९५१), ओघ हवा तर रॉबर्ट फेगल्स (१९९०), आजची सोपी भाषा हवी तर एमिली विल्सन (२०२३). चोविसाव्या सर्गाचं एक-एक पान तीनही अनुवादांत वाचा आणि ज्यात प्रायमचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, तो घ्या.
- प्रत्येक सर्गानंतर वहीत एकच ओळ लिहा: आत्ता कोण कुणावर रागावलंय आणि त्याची किंमत कोण मोजतंय? चोवीस ओळी झाल्या की परीक्षेच्या उत्तराचा सांगाडा तयार होतो. आणि त्या यादीत किंमत मोजणाऱ्यांची नावं रागावणाऱ्यांपेक्षा किती जास्त आहेत, हेही दिसतं.